लिफ्ट केलेल्या जिप्सीचा वॉबल: डॅम्पर काढल्यावर काय काय सापडलं

जिप्सीच्या पुढच्या वॉबलचं (पुढची चाकं आणि स्टेअरिंग जोरात झटकत राहतात त्याचं) काम बऱ्यापैकी मार्गी लागलंय, म्हणून एकदा सगळं सविस्तर टाकतो, कारण विचारणारे लय आहेत आणि फोनवर प्रत्येकाला कास्टर (चाक ज्या पिनवर वळतं तिचा मागचा कल) समजावताना घसा बसतो. गाडी जिप्सी किंग, पुढं-मागं सॉलिड अ‍ॅक्सल (दोन्ही चाकांना जोडणारा एकच अखंड दांडा), चारी बाजूला कमानपाटे. आधीच्या मालकानं गाडी उंच करायला शॅकल (पाट्याचं टोक चेसिसला जोडणारी कडी) दोन इंच लांब टाकलेले, पुढच्या पाट्यात एक पान जास्तीचं, कंपनीच्या २०५/७० आर १५ च्या जागी २३५/७५ आर १५ टायर, आणि वर एक जाडजूड स्टेअरिंग डॅम्पर (स्टेअरिंगचे झटके दाबणारा शॉकअपसारखा पार्ट).

लक्षण असं की तुळजापूर रोडला साठ-पासष्टच्या स्पीडला पुलाचा जॉइंट एका चाकाखाली आला की स्टेअरिंग दोन्ही बाजूला असं झटके मारायला लागायचं की हात सुटतील, आणि वीस-पंचवीसपर्यंत स्पीड उतरल्याशिवाय थांबायचं नाही. हे आणि साधी थरथर वेगळी बरं का. ऐंशीला सुरू होते आणि पंच्याण्णवला आपोआप जाते ती थरथर बहुतेक वेळा बॅलन्सिंगची असते. खड्डा किंवा जॉइंट लागल्यावर सुरू होऊन वाढतच जाते ती सॉलिड अ‍ॅक्सलवाली डेथ वॉबल, आणि तिचं मूळ बॅलन्सिंगमध्ये क्वचितच असतं.

तरी पहिलं काम पाणी मारायचं केलं. आपल्याकडची काळी माती रिमच्या आतल्या बाजूला बसली आणि उन्हात वाळली की विटेसारखी घट्ट होते, मग बॅलन्सिंगवाल्यानं कितीही शिसं ठोकू दे. खरडून काढली, हवा दोन्ही बाजूला सारखी केली (सकाळी, टायर थंड असताना, कारण सोलापूरच्या मेमधल्या दुपारी मोजलेल्या प्रेशरला काही अर्थ नाही). थोडा फरक पडला, वॉबल तिथंच.

मग चाचांकडं नेली. अक्कलकोट रोडला त्यांचं गॅरेज आहे, जीप-जिप्सीत केस पांढरे झालेत. त्यांनी खाली वाकून एकदाच बघितलं आणि म्हणाले, "मालक, ते डॅम्पर काढा आधी. दुखणं कुठं हाय ते कळू द्या की."

हे मला एकदम पटलं. वॉबल आली की सगळे आधी नवा डॅम्पर टाकतात, चार महिने बरं वाटतं आणि तोपर्यंत खालचे जॉइंट आणखी झिजतात. डॅम्पर झटका दाबतो, झटका तयार होतो तो दुसरीकडंच. आमचा काढल्यावर गाडी चाळीसलाच नाचायला लागली, म्हणजे रोग किती वाढला होता बघा. डॅम्पर काढून टेस्ट करायची तर मोकळा रस्ता बघून, हळू, मागं कोणी नाही ना बघून. हायवेवर हा उद्योग करू नका.

पुढची टेस्ट फुकटची आहे. गाडी चाकांवरच उभी, जॅक नाही. एकानं आत बसून स्टेअरिंग डावी-उजवीकडं थोडं थोडं हलवत राहायचं आणि दुसऱ्यानं खाली झोपून प्रत्येक जॉइंटवर हात ठेवायचा. डोळ्याला दिसत नाही ते बोटाला कळतं. मी खाली, आत आमचा मित्र मोबाईल बघत बसलेला, "अबे हलव की" असं ओरडायला लागायचं. त्यात ड्रॅग लिंकचा (स्टेअरिंग बॉक्सकडनं चाकांकडं जाणारा दांडा) पिटमन आर्मकडचा (बॉक्सवरच्या हाताकडचा) एंड ढिला निघाला. स्टेअरिंग बॉक्सचे चेसिसवरचे बोल्ट घट्ट होते, पण ते बघाच, तिथं चेसिसला चीर गेलेली गाडी मी बघितलीय. शॅकलचे रबर बुशही एका बाजूला खाऊन अंडाकृती झालेले.

एंड बदलला, बुश बदलले, वॉबल कमी झाली पण गेली नाही.

मग पुढचा भाग घोडीवर चढवला. चाक वर-खाली धरून हलवलं तर उजवीकडं टकटक. इथं एक युक्ती चाचांनी दाखवली, दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगायचं आणि परत हलवायचं. ब्रेक दाबल्यावर प्ले (ढिलेपणा) गेला तर हब बेअरिंग, राहिला तर किंगपिन (चाक ज्यावर वळतं ती पिन). आमचा राहिला. जिप्सीत नकल (चाक धरून वळणारा भाग) वर आणि खाली अशा दोन किंगपिन बेअरिंगवर फिरतो आणि त्याचा ताण शिमवर (पातळ पत्र्याच्या चकतीवर) ठरतो, शिम काढली की ताण वाढतो. टायरॉड (दोन्ही चाकं एकमेकांना जोडणारा दांडा) सोडून, नकलचं सील काढून, टायरॉडच्या भोकात स्प्रिंगकाटा अडकवून ओढायचं, नकल हलायला १ ते १.८ किलो लागले पाहिजेत. आमचा बोटानं फिरत होता. बेअरिंगच्या खालच्या कपात खाचा पडलेल्या, त्यामुळं नुसती शिम काढून भागणार नव्हतं, दोन्ही बाजूचे सेट नवे टाकले आणि मग शिम जुळवल्या. या कामाला पूर्ण दिवस गेला आणि ग्रीसनं माखलेला तो शर्ट आता फडकं म्हणून गॅरेजलाच आहे.

आता मुख्य गोष्ट, कास्टर. जिप्सीत पुढचा शॅकल पाट्याच्या पुढच्या टोकाला असतो. तो लांब केला की पाट्याचं पुढचं टोक चेसिसपासून खाली जातं, मागचं टोक जागेवरच, म्हणजे अ‍ॅक्सल पुढं झुकतो आणि किंगपिनचा मागचा कल कमी होतो. वर गंमत अशी की शॅकल दोन इंच लांब केला तर उंची एकच इंच मिळते, आणि तेवढ्यासाठी तीनेक अंश कास्टर जातो. कंपनीचा मुळात साडेतीन अंश. वरच्या किंगपिनच्या सपाट भागावर अँगल गेज ठेवून बघितलं तर एक अंशही नव्हता. वळणावरनं स्टेअरिंग आपोआप सरळ का येत नव्हतं ते तिथं कळलं. कॉम्प्युटर अलाइनमेंटवाल्याच्या कागदावर कास्टर लाल दिसतो, पण तो बिचारा काही करू शकत नाही, सॉलिड अ‍ॅक्सलला त्याच्या हातात फक्त टो (चाकांची पुढची बाजू किती आत-बाहेर ते) असतो.

गेलेला कास्टर परत आणायला पाटा आणि त्याच्या वरच्या पॅडमध्ये घालायच्या लोखंडी पाचरी लेथवाल्याकडनं करून घेतल्या, तीन अंशाच्या. अ‍ॅल्युमिनियमच्या नको, चेपतात, फुटतात. जिप्सीत पाटा अ‍ॅक्सलच्या खाली आहे, त्यामुळं पाचरीची जाड बाजू पुढं. कोणी पाटा अ‍ॅक्सलच्या वर घेतला असेल तर त्याला जाड बाजू मागं लागेल, उलटी बसवली तर आहे तोही कास्टर जाईल. सेंटर बोल्ट पाचरीच्या जाडीइतका लांब घ्यायचा, त्याचं डोकं पॅडच्या भोकात नीट बसलं पाहिजे, नाहीतर अ‍ॅक्सल सरकतो. यू-बोल्ट शंभरेक किलोमीटरनंतर परत आवळायचे.

फुकट काही मिळत नाही, पाचरीनं पिनियनचं (पुढचा शाफ्ट जिथं जोडतो तिथलं) तोंड खाली जातं आणि पुढच्या प्रोपेलर शाफ्टचा (पुढच्या चाकांकडं ताकद नेणारा दांडा) कोन वाढतो. हब फ्री (पुढची चाकं शाफ्टपासून सुटलेली) असताना काही कळत नाही, फोर बाय फोर टाकून चाळीसच्या वर गेलं की गुणगुण ऐकू येते. मला चालतंय, चिखलात चाळीसनं कोण जातंय.

टो घरीच बघितला, चाक फिरवत टायरवर खडूनं पट्टा आणि त्यावर खिळ्यानं बारीक रेघ, मग गाडी खाली घेऊन दोन रेघांमधलं अंतर पुढनं आणि मागनं मोजायचं. पुढनं चारेक मिलिमीटर कमी ठेवलंय.

आता डॅम्पर नसताना त्याच पुलाच्या जॉइंटवर सत्तरनं गेलो, एक हिसका बसतो आणि संपतो. डॅम्पर परत लावणार, पण कंपनीच्या मापाचा. उरलंय ते ड्रॅग लिंकचं. लिफ्टमुळं तिचा कोन वाढलाय, ब्रेक मारला की पाटा दबतो आणि स्टेअरिंग थोडं एका बाजूला ओढतं. लिंक वाकवून घ्यायला एक वेल्डिंगवाला तयार आहे, पण स्टेअरिंगच्या पार्टवर आग लावायला माझी तयारी नाही. जास्तीचं पान काढून उंची थोडी खाली आणतो आणि मग लिंकचा कोन परत मोजतो.