उलगडलेलं पान

साडेचार वर्षांच्या माणसाला कागदाची घडी घालायला शिकवायची, तर आधी आपल्याच एका समजुतीची घडी करून बाजूला ठेवावी लागते. कोपऱ्याला कोपरा जुळलाच पाहिजे, ही ती समजूत.

माझं आणि भाचीचं पहिलं भांडण त्यावरूनच झालं. मी म्हटलं, "हे टोक त्या टोकाला लाव." तिने लावलं. लावलं म्हणजे त्या दिशेने पाठवलं. मग तळहाताने वरून असा दणका दिला, की घडी जिथे पडायला नको होती नेमकी तिथेच पक्की बसली. कागदाचा हा स्वभाव वाईटच. एकदा दुमडला की आतले तंतू मोडतात, मग कितीही चोळा, रेघ काही जात नाही. मी गुपचूप नवा कागद पुढे सरकवला. तिने तो परत माझ्याकडे सरकवला.

"हा बिघडला नाहीये, मावशी. हा असाच आहे."

त्या दिवशी बेत पानगळीचा होता. पान, कोल्हा, अळंबी अशा सोप्या वस्तू. (शरद म्हटलं की मराठी मनात चांदणं पडतं, पानं पडत नाहीत, म्हणून मी आपली 'पानगळ' म्हणते. मुलांनाही तो शब्द लगेच कळतो, त्यात काय होतं ते शब्दच सांगतो.) कागद ओरिगामीचे, १५ सेंटिमीटरचे चौकोन, एका बाजूने रंगीत, दुसऱ्या बाजूने पांढरे. असे कागद नसले तरी अडत नाही. ए-४ कागदाचा एक कोपरा समोरच्या कडेवर आणून तिरका दुमडला आणि उरलेली पट्टी कापून टाकली की चौकोन तयार. फक्त तो कागद जरा जाड असतो. दोन घड्या झाल्या की लहान बोटांचं त्याच्यापुढे चालत नाही. एका दिशेने तो सहज दुमडतो आणि दुसऱ्या दिशेने हट्ट करतो, तेव्हा मुलाच्या बोटांना दोष देऊ नये. कागद बनताना त्यातले बरेचसे तंतू एकाच दिशेला झोपतात, हट्ट त्यांचा असतो. वर्तमानपत्र उभं फाडून बघा आणि मग आडवं फाडून बघा, एकदा चिंधी सरळ निघेल आणि एकदा वेडीवाकडी.

सुरुवात कोल्ह्याने केली, कारण त्यात फसायला फारसं काही नाही. चौकोनाचा त्रिकोण करायचा, लांब कड वर, टोक खाली. आता डावा-उजवा कोपरा खाली वाकवला तर लोंबत्या कानांचा कुत्रा होतो, तेच कोपरे तिरके वर उभे केले तर कोल्हा. बाकी सगळं तेच. मला हे फार आवडतं. एवढे दोन प्राणी आणि त्यांच्यात फरक काय, तर कानांची दिशा! भाचीला मात्र यात विशेष काही वाटलं नाही. तिने एक कान वर केला, एक खाली ठेवला आणि जाहीर केलं की हा ऐकतोय.

तिचा भाऊ सात वर्षांचा. त्याला आकृत्या बघून घड्या घालायच्या असतात. तुटक रेघ दिसली की 'दरी', रेघ-टिंब-रेघ-टिंब दिसलं की 'डोंगर'. दरी म्हणजे घडी आपल्यापासून आत जाते, डोंगर म्हणजे आपल्याकडे उठते. ही खुणांची भाषा बसवली अकिरा योशिझावा या जपानी कलावंताने. १९५४ मध्ये पुस्तकातून त्याने ती मांडली आणि थोड्याफार फरकाने ती जगभर रुळली. म्हणून आज जपानी भाषेचं एक अक्षर न वाचता येणारं मूलही जपानी पुस्तकावरून बेडूक करू शकतं. भाचा तोंडाने "दरी, दरी, डोंगर" असं पुटपुटत एखाद्या सर्वेक्षकासारखा काम करतो. त्याची अळंबी झकास झाली, वर लाल टोपी आणि खाली कागदाच्या मागच्या बाजूचा पांढरा दांडा. बहिणीने ती बघितली आणि विचारलं, "उघडू?"

तो किंचाळला. पण त्याबद्दल पुढे.

पान करायचं तर मी कात्री आणि गोंद काढते. घडीकामातल्या सोवळ्या लोकांना हे चालत नाही, कागद एक हवा, चौकोनी हवा, त्याला पातं लागता कामा नये. असू दे. करमणुकीच्या घडीकामावरचं सर्वांत जुनं म्हणून ओळखलं जाणारं पुस्तक १७९७ मध्ये क्योतोत निघालं. त्यात एकमेकांना जोडलेले क्रौंच पक्षी आहेत आणि ते कागदाला काप देऊनच केलेले आहेत. दोनशेहून अधिक वर्षांपूर्वीची परवानगी मला पुरते.

तर, चौकोन तिरका कापून दोन त्रिकोण करायचे, म्हणजे भावंडांत भांडण नाही. त्रिकोणाच्या लांब बाजूपासून सुरुवात करून टोकापर्यंत पंख्यासारख्या चुण्या घालत जायचं, एक पुढे, एक मागे. शेवटी हातात दोन्हीकडे निमुळती होत गेलेली पट्टी येते. ती मधोमध वाकवायची, लांब कडेचे दोन अर्धे समोरासमोर येतात ते एकमेकांना चिकटवायचे आणि पंखा उघडायचा. मधली शीर सर्वांत लांब, बाजूच्या आखूड होत गेलेल्या. पान! चुण्या लहान-मोठ्या झाल्या तर उत्तमच, खऱ्या पानाच्या शिरा तरी कुठे पट्टीने आखलेल्या असतात? मोठ्यांनी चिकटवलेलं पान मात्र ओळखू येतं. ते फार नीटनेटकं असतं, पंख्याच्या दुकानातून आणल्यासारखं.

चुण्या घालता घालता भाच्याने मला एका कोड्यात टाकलं. "खऱ्या पानाला पण कोणी घड्या घातल्या होत्या का?"

मी "छे" म्हणणार होते, तेवढ्यात आठवलं, की घातलेल्या असतात! बीच किंवा हॉर्नबीम या झाडांची पानं कळीत असतात तेव्हा अगदी अशीच चुण्या घातलेली असतात, शिरेगणिक एक चुणी. वसंतात कळी फुटते आणि पान इस्त्री न केलेल्या ओढणीसारखं उलगडत बाहेर येतं. एवढंसं घर, त्यात मोठं पान मावणार कसं, तर घडी घालून. कोर्यो मिउरा या जपानी शास्त्रज्ञाच्या नावाची घडी याच जातीची, दोन टोकं धरून ओढली की सगळा पसारा एका झटक्यात उघडतो. १९९५ मध्ये जपानने सोडलेल्या एका यानावर सौर फलक अशा घडीने बसवलेले होते. पान काय, फलक काय, घडीतून बाहेर येऊन दोघांनाही एकच काम, ऊन झेलायचं. हे मी मोठ्या उत्साहाने सांगितलं. भाच्याने डोळे मोठे केले. भाचीने विचारलं, "मग गळताना परत घडी घालतात?"

नाही गं. सुकताना पान आक्रसतं, मुडपतं, पण जुन्या घडीवर परत जात नाही. देठाच्या तळाशी पेशींचा एक पातळ पडदा तयार होतो आणि तिथून ते सुटतं. त्याआधी हिरवा रंग मोडतो. पिवळा तर पानात आधीपासूनच असतो, हिरव्याच्या गर्दीत दिसत नाही एवढंच. लाल मात्र बहुतेक वेळा नव्याने तयार होतो, जाता जाता. हे साडेचार वर्षांना कसं समजावणार? मी एक पिवळा कागद एका बाजूने हिरवा रंगवायला दिला होता, तो उलटा केला. मागे पिवळा. "हा इथेच होता," मी म्हटलं. तिने कागद दोन-तीनदा उलटसुलट करून पाहिला आणि माझ्यावर थोडा विश्वास ठेवला.

आणि मग ती उघडायला बसली.

ही तिची खोड मला सुरुवातीला फार लागायची. अर्धा तास खपून कोल्हा करावा आणि तिने तो दहा सेकंदांत परत चौकोन करून टाकावा! मोडते म्हणून मी रागावले, तर तिला खरोखर कळेना मी कशाबद्दल बोलतेय. तिच्या लेखी काही मोडलेलं नव्हतंच. ती रेघा बघत होती. आपण मोठी माणसं घडीच्या शेवटाकडे डोळे लावून असतो, कान आले का, शेपूट आली का. उघडलेल्या कागदावर काय उरतं ते मी त्याआधी कधी पाहिलंच नव्हतं. त्रिकोण, त्यात त्रिकोण, एक दणक्याची चुकार रेघ, आणि हे सगळं इतकं देखणं की घडीचा कोल्हा त्यापुढे फिका पडावा. तिने खडू काढले आणि प्रत्येक घर वेगळ्या रंगाने भरलं. चुकीच्या रेघेमुळे दोन घरं जास्तीची मिळाली, ती तिने जांभळी केली. भाऊ आपली अळंबी शर्टाच्या खिशात घालून लांब जाऊन बसला होता.

सगळं रंगवून झाल्यावर तो कागद माझ्यापुढे आला. "आता परत कोल्हा कर."

मी त्रिकोण करायला घेतला. टोकावर टोक नेत होते, अगदी हलक्या हाताने, पण मधेच कागद आपणहून वळला आणि तिच्या त्या दणक्याच्या रेघेवर जाऊन दुमडला. मी सरळ केला, पुन्हा धरला. पुन्हा तिथेच. शेवटी मी त्याच रेघेवर नख ओढलं. कोल्हा जरा तिरपा झाला, एक गाल जांभळा, एक कान छोटा. भाचीने तो हातात घेतला, इकडून तिकडून पाहिला, आणि एक कान खाली वाकवला.