पाडव्याला हुकलेला फोटो आणि १८-१४० ची शोधाशोध

मी ठाण्यात चरईत राहते. पाडव्याला कौपिनेश्वर मंदिरापासून स्वागत यात्रा निघते, तेव्हा मी कॅमेरा घेऊन रस्त्यावर असते. कॅमेरा निकॉनचा डी५६००. त्याच्याबरोबर खोक्यात दोन लेन्स मिळाल्या होत्या, १८-५५ आणि ७०-३००. हे आकडे मिलिमीटरचे: लहान आकड्यावर चौकटीत जास्त मावतं, मोठ्यावर लांबचं जवळ दिसतं. काही वर्षं त्यांच्यावर छान निभावलं.

मग एका पाडव्याला राम मारुती रोडवर ढोलपथक थांबलं होतं आणि मी लांबून ताशेवाल्यांचे चेहरे टिपत होते, म्हणजे ७०-३०० लावलेली. एवढ्यात गर्दीतून नऊवारी नेसलेल्या एक आजी पुढे आल्या, पथकातल्या मुलाच्या हातून भगवा ध्वज घेतला आणि नाचवू लागल्या. माझ्यापासून सहा-सात फुटांवर. ७० वर लेन्स आणली तरी चौकटीत फक्त चेहरा आणि खांदे मावत होते. ध्वज नाही, ढोल नाही, काहीच नाही. खाली बसले, बॅग उघडली, टोपण दातात धरलं, एक लेन्स काढली, दुसरी बसवली. उभी राहिले तोवर ध्वज पुन्हा मुलाच्या हातात गेला होता. घरी येऊन फोटो पाहिले तर एफ ११ वर, म्हणजे लेन्सचं भोक (अ‍ॅपर्चर) बारीक ठेवून, काढलेल्या प्रत्येक फोटोत आकाशात एकाच जागी तीन काळे ठिपके. लेन्स बदलताना रस्त्यावरची धूळ आत सेन्सरवर जाऊन बसली होती.

त्या रात्री ठरवलं, की कॅमेऱ्यावरून काढावीच लागणार नाही अशी एक लेन्स घ्यायची. बजेट वीस हजार, त्यापुढे एक रुपया नाही.

स्टेशनजवळच्या एका दुकानात गेले. दुकानदारांनी टॅमरॉनची १८-४०० हातात दिली. "ताई, एकदाच घ्या, पुन्हा लेन्स बघायला नको." दारात उभं राहून समोरच्या इमारतीच्या गच्चीवरच्या टाकीवर रोखली, तर टाकीवरची अक्षरं सुटी सुटी दिसली. मोह झालाच. पण लेन्सच सातशे ग्रॅमच्या आसपास, कॅमेरा धरून सव्वा किलोच्या जवळ. पाच मिनिटांत मनगट बोलायला लागलं. शिवाय नवी घ्यायची तर बजेटच्या पार बाहेर.

घरी धाकट्या भावापुढे सगळी यादी मांडली: १८-२००, १८-३००, १६-३००, १८-४००. तो म्हणाला, "तायडे, आधी बघ तरी, तू काढतेस काय."

या एका वाक्याने माझं काम सोपं केलं. प्रत्येक फोटोच्या फाइलमध्ये तो किती मिलिमीटरवर काढला, याची नोंद असते. विंडोजच्या फोल्डरमध्ये फोकल लेंग्थचा रकाना उघडता येतो आणि त्यावर फोटो क्रमाने लावता येतात. दोन वर्षांचे फोटो एका जागी आणले आणि मोजत बसले. एकूण ३,९००. त्यातले २,७०० तर १८-५५ चेच. उरलेल्या १,२०० पैकी ७० ते १४० मधले ७८०. १४० ते २०० मध्ये जेमतेम ९०. आणि २०० च्या पुढचे ३३०, ते जवळजवळ सगळे रोहित पक्ष्यांचे: ऐरोलीच्या बोटीतून काढलेले आणि सीवूड्सला एनआरआय कॉम्प्लेक्सच्या मागच्या पाणथळीवरचे.

म्हणजे ज्या ३०० आणि ४०० साठी मी झुरत होते, ते मला हिवाळ्यापासून मेपर्यंत, भरती-ओहोटीचं गणित जुळलं तर दोन-चार सकाळीच लागतं. त्या सकाळी मी मुद्दाम पक्ष्यांसाठीच घराबाहेर पडते, तेव्हा घरातली ७०-३०० लावून निघायला काहीच हरकत नाही. गर्दीत मात्र माझी सगळी धडपड १८ आणि १४० च्या मधली, आणि निकॉनची १८-१४० ही लेन्स नेमकी तेवढ्याच पल्ल्याची. रस्त्याच्या पलीकडच्या फुटपाथवरचा माणूस कमरेपासून वर हवा असेल तर शंभर-सव्वाशे पुरतं.

लेन्सचा पल्ला जितका ताणावा तितकी काचेला तडजोड करावी लागते. १८-४०० म्हणजे बावीस पट झूम, १८-१४० म्हणजे आठ पटही नाही. पल्ला वाढला की १८ वर सरळ रेषा बाहेर फुगतात आणि लांबच्या टोकाला तपशील मऊ पडतो. मोठ्या पल्ल्याच्या बहुतेक लेन्स शेवटच्या टोकाला एफ ६.३ वर येतात, आणि एफचा आकडा मोठा म्हणजे आत येणारा उजेड कमी. १८-१४० तिथे ५.६ वर असते. वजन ४९० ग्रॅम. माझ्या कॅमेऱ्याचा सेन्सर जुन्या फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान, म्हणून दीडपट धरलं तर ही त्या हिशोबाने २७ ते २१० सारखी वागते. त्याहून स्वस्त १८-१०५ सुद्धा पाहिली होती, पण तिचा माउंट, म्हणजे कॅमेऱ्यात बसणारं मागचं कडं, प्लास्टिकचा, आणि माझा कॅमेरा लोकलने फिरतो.

नवी घेणं परवडत नव्हतं, म्हणून सेकंडहँडच बघायची ठरलं. निकॉनच्याच डी७२०० आणि डी७५०० या कॅमेऱ्यांबरोबर ही लेन्स किटमध्ये यायची, आणि आता ते कॅमेरे वापरणारी मंडळी मिररलेसकडे, म्हणजे आत आरसा नसलेल्या नव्या कॅमेऱ्यांकडे वळताहेत, त्यामुळे विकणारे बरेच आहेत.

पहिली लेन्स खारघरला पाहिली. बाहेरून अगदी नवीकोरी, एक ओरखडा नाही. मी टॉर्च नेला होता. इथे एक गोष्ट जरूर लक्षात ठेवा: निकॉनच्या या प्रकारच्या लेन्सचं अ‍ॅपर्चर कॅमेऱ्यावरून काढल्यावर मिटलेलं असतं. नुसतं डोळा लावून पाहिलं तर मधला चिमुकला गोल तेवढा दिसतो. मागच्या बाजूला, माउंटच्या आत धातूची बारीक दांडी असते, ती बोटाने सरकवून धरली की पाती उघडतात आणि काच आरपार दिसते. तशी धरली, मागून टॉर्च मारला, लेन्स थोडी तिरकी केली. आतल्या एका काचेच्या कडेला पांढरे तंतू, कोळ्याने नुकतं जाळं विणायला घेतल्यासारखे, एका बिंदूतून फुटलेले. बुरशी. विकणारा म्हणाला, धूळ आहे, पुसली की जाते. धुळीला फांद्या फुटत नाहीत. मी लेन्स परत दिली आणि निघाले. खाडीकाठच्या आपल्या हवेत चार महिने कपाटात पडून राहिलेल्या लेन्सचं हे असं होतं, आणि कमी किमतीला भुलून घेतली असती तर ती बुरशी माझ्या कपाटात आली असती.

दुसरी नेरूळला, एका निवृत्त काकांकडे. काकूंनी चहा ठेवला आणि काका म्हणाले, "घाई करू नका, हवी तितकी तपासा." अर्धा तास तपासली. आधी टॉर्च: धुळीचे दोन-तीन कण, बाकी स्वच्छ. मग लेन्सचं तोंड जमिनीकडे करून हलवली, नळी आपोआप खाली घसरत नाही ना ते पाहिलं. मग गॅलरीतून समोरच्या इमारतीचे फोटो काढले. खिडक्यांच्या ग्रिलसारखी चाचणी नाही. चौकटीच्या चारही कोपऱ्यांत सारख्याच बारीक रेषा मिळतात. १८, ५० आणि १४० वर, आधी ५.६ आणि मग ८ वर. चारही कोपरे सारखेच मऊ असले तर चालतं, एकच कोपरा पुसट असेल तर आतली काच सरकलेली. इथे चारही सारखे होते. शेवटी व्हीआर, म्हणजे हाताची थरथर भरून काढणारी लेन्समधली सोय, चालू-बंद करून १४० वर, सेकंदाच्या पंधराव्या भागाला हातात धरूनच दहा-दहा फोटो काढले. बंद असताना दोन धड आले, चालू असताना आठ. साडेचौदा हजारांना ठरलं. काकांनी मूळ बिल आणि हूडही दिला.

गणपतीत पहिल्यांदा भरपूर वापरली. मांडवात आरास पूर्ण मावते आणि जागेवरून न हलता मूर्तीचे डोळेही मिळतात. १८ वर मांडवाचे खांब वाकतात, त्यासाठी कॅमेऱ्यातली डिस्टॉर्शन दुरुस्ती चालू ठेवते. उजेडाचं मात्र सांगायला हवं. रात्रीच्या आरतीला १४० वर ५.६ फार कमी पडतं. आयएसओ (सेन्सरची उजेड टिपण्याची संवेदनशीलता) ३२०० वर नेऊनही टाळ वाजवणारे हात हलतातच. व्हीआर माझा हात स्थिर करतं, समोरच्याचा नाही. तेव्हा मी ५० च्या आत राहते आणि दोन पावलं पुढे जाते.

लेन्स आता झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात असते, सिलिका जेलच्या पिशवीसोबत. निळे दाणे गुलाबी पडले की ओल भरली असं समजायचं आणि पिशवी बदलायची. पावसाळाभर दर रविवारी डबा उघडून बघत होते, तीनदा बदलली. परवा पाहिलं, दाणे निळेच होते.