तुम्ही विचारलंत म्हणून: बंदुकीच्या गोळ्यांत पैसे सुटले का?

सुटले. एकदाचं लिहूनच टाकतो, कारण इथे ह्यूस्टनला गणपतीत, कोजागिरीला, आणि सांगलीला आलो की मामेभावांच्या ओसरीवर हा प्रश्न ठरलेला असतो, आणि दर वेळी मी अर्धंच उत्तर देऊन विषय बदलतो.

२०१९ मध्ये मी नऊ मिलिमीटरच्या १२,००० गोळ्या सरासरी १८ सेंटला घेतल्या. २०२० च्या उन्हाळ्यापासून पुढच्या फेब्रुवारीपर्यंत त्यातल्या ९,००० सरासरी ६० सेंटला विकल्या. पाचशे-पाचशे डॉलरची तीन पिस्तुलं घेतली होती, त्यातली दोन ७०० आणि ७५० ला गेली. सगळं धरून चार हजार डॉलरच्या थोडा वर नफा. झालं समाधान?

मला बंदुकांचं वेड नव्हतं आणि नाही. एच-वन-बी व्हिसावर असेपर्यंत पिस्तूल घेण्याचा विचारही मनात आला नव्हता. ग्रीन कार्ड २०१७ मध्ये आलं, ऑफिसातल्या एकाबरोबर रेंजवर गेलो, आणि तिथे मला नेमबाजीपेक्षा गोळ्यांच्या दरांच्या गप्पा जास्त आवडल्या. डिसेंबर २०१२ मध्ये कनेटिकटमधल्या सँडी हूक शाळेत २० मुलं आणि ६ मोठी माणसं मारली गेली. आता कडक कायदे येणार अशी हवा झाली आणि लोकांनी दुकानं रिकामी केली, पॉइंट टू टू या छोट्या मापाच्या साध्या गोळ्यासुद्धा पुढे कितीतरी महिने मिळेनात. २०१६ ला हिलरी क्लिंटन निवडून येणार म्हणून पुन्हा साठे झाले, त्या आल्या नाहीत, आणि २०१७ पासून भाव पडले. म्हणजे भीती वाढली की भाव चढतो, भीती ओसरली की उतरतो. ओसरली असताना घ्यावं, एवढाच माझा हिशोब होता. त्या चढाच्या मुळाशी एक शाळा होती हे मला तेव्हा दिसलं नाही, असं म्हणणं खोटं ठरेल. दिसलं होतं. मी नजर पुढे सरकवली.

आणि हिशोब चुकीचा नव्हता, हे मी आजही सोडणार नाही. बंदूक दुकानातून बाहेर पडली की तिचा भाव घसरतो. अपवाद जुन्या मशीनगनचा. १९ मे १९८६ नंतर नोंदलेली मशीनगन सामान्य माणसाला घेता येत नाही, त्यामुळे आधीच्या हजारो डॉलरला जातात, पण तो खेळ माझ्या खिशाचा नव्हता. गोळ्यांचं तसं नाही. कोरड्या ठेवल्या तर वर्षानुवर्षं टिकतात, आणि विकायला केंद्राचा परवाना लागत नाही. १२,००० गोळ्या म्हणजे साधारण दीडशे किलो. रबराची कड असलेले लोखंडी डबे, आत सिलिका जेलच्या पुड्या, आणि सगळं खालच्या कपाटात, कारण इथली दमट हवा पितळ काळं करते. बायको त्या कपाटाला ‘तुझं कोठार’ म्हणायची. लाडाने म्हणत नव्हती.

मग २०२० आलं. टाळेबंदी, पोलिसांच्या हातून जॉर्ज फ्लॉइड मारला गेल्यानंतरची निदर्शनं, निवडणूक. त्या वर्षात देशभर बंदुकांसाठीच्या पार्श्वभूमी-तपासण्या जवळपास ४ कोटींवर गेल्या. जुलैमध्ये बंदुका आणि गोळ्या बनवणारी रेमिंग्टन कंपनी पुन्हा दिवाळखोरीत गेली. दुकानांत माणशी गोळ्यांचा एकच बॉक्स.

आता दुसऱ्या पिस्तुलाचं सांगतो. तुम्ही ‘मग बंद का केलंस’ विचारता ना, ते यात आहे.

दुकानातून पिस्तूल घेतलं की फॉर्म भरावा लागतो, एफबीआयकडे नाव तपासलं जातं. आमच्या टेक्सासमध्ये दोन खासगी माणसांच्या व्यवहारात ही तपासणी लागत नाही. म्हणून मीच एक नियम केला होता: राज्याचा शस्त्र बाळगण्याचा परवाना दाखवेल त्यालाच विकायचं, कारण तो मिळवताना बोटांचे ठसे आणि चौकशी झालेली असते. ऑक्टोबरमध्ये एकाने ७५० देऊ केले. गॅस स्टेशनच्या पार्किंगमध्ये भेटलो. पंचविशीचा मुलगा, मास्क लावलेला, मला दर वाक्याला ‘सर’ म्हणत होता. टेक्सासचं ड्रायव्हिंग लायसन्स दाखवलं. परवाना घरी राहिला म्हणाला. आदल्याच दिवशी एक गिऱ्हाईक ऐनवेळी फिरलं होतं आणि मला अजून एक शनिवार घालवायचा नव्हता. मी लायसन्सवरचं नाव कागदावर उतरवलं, दोघांनी सह्या केल्या, त्याने वीस-वीसच्या नोटा मोजल्या. मी त्याच्याकडे नीट पाहिलं का? मला त्याच्या नोटा आठवतात. चेहरा आठवत नाही.

मार्च २०२२ मध्ये फोन आला. टेक्सासमधल्याच दुसऱ्या एका शहरातले डिटेक्टिव्ह. अमुक क्रमांकाचं पिस्तूल तुमचं आहे का? या देशात बंदुकांच्या मालकांची संगणकावर शोधता येईल अशी केंद्रीय यादी नाही, कायद्यानेच नाही. माग काढताना कंपनीला विचारतात, तिथून वितरक, तिथून दुकान, आणि दुकानातल्या फॉर्मवरचा पहिला खरेदीदार. तो मी. त्यापुढची साखळी माझ्या फाइलमधल्या एका कागदावर होती. मी फोटो काढून पाठवला. काय झालंय, असं विचारलं. चालू प्रकरणावर बोलता येत नाही म्हणाले. आभार मानले. परत फोन नाही.

कदाचित त्या मुलाच्या गाडीतून पिस्तूल चोरीला गेलं असेल आणि नुसतं सापडलं असेल. तसं होतं, खूपदा होतं. मी त्या शहराची स्थानिक बातमीपत्रं चार महिने रोज वाचली. तिथे गोळीबाराच्या बातम्या होत्या आणि एकाही बातमीत पिस्तुलाचा क्रमांक नव्हता. शिवाय इथे बंदुकीने मरणाऱ्यांत निम्म्याहून जास्त आत्महत्या असतात, आणि त्या बहुतेक छापूनच येत नाहीत.

मी कायदा मोडला नाही. हे तुम्हाला सांगतो तेवढंच स्वतःलाही सांगतो. नियम मोडला, तो माझा होता. जून २०२२ मध्ये नफ्यासाठी बंदुका घेऊन विकणाऱ्याला परवाना लावणारी व्याख्या आणखी कडक झाली, तेव्हा मित्र म्हणाले, ‘वेळेत सुटलास.’ कशातून सुटलो?

नोव्हेंबर २०२० मध्ये आपल्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर एक्सेल टाकून ‘गोळ्यांना सोन्याचा भाव’ लिहिणारा मीच. तो मेसेज अजून आहे. त्या माणसाशी मला भांडायचंय, पण त्याचे आकडे बरोबर आहेत आणि तो मला तेच दाखवत राहतो. एकाने ते वाचून जानेवारीत ८० सेंटने ५,००० गोळ्या घेतल्या. २०२३ पर्यंत भाव २५ सेंटच्या आसपास आला. तो मला कधी काही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

माझ्याकडे ३,००० गोळ्या आणि एक पिस्तूल उरलंय. ‘मग विकून टाक’ हा तुमचा पुढचा प्रश्न. मी दुकानात विचारलंय. दुकानात दिलं तर पुढे ज्याच्या हातात जाईल त्याची तपासणी होईल. दुकानदार ३०० देतोय. मी ५०० ला घेतलं होतं. ते २०० डॉलर मला अजून अडवतात, हे सगळं माहीत असूनही. पिस्तूल तिजोरीतच आहे.