जी-एलची चमक आणि आपली हळद

सांगलीच्या विश्रामबागेत घरीच मी इंग्लिशच्या ट्यूशन घेते, दहावीच्या पोरी आणि बँकेच्या, एमपीएससीच्या परीक्षा देणारी मोठी मुलं. सगळ्यांचं एकच असतं बघा, शब्द पाठ करायला बसले की ए पासून सुरू, अबँडन, अबेट, अबॉलिश, आणि बी संपेपर्यंत दम निघून गेलेला, सी काही उजाडत नाही. मला ही पद्धत अजिबात पटत नाही. डिक्शनरीतला क्रम शब्द शोधायला असतो, लक्षात ठेवायला नाही. त्यापेक्षा सुरुवातीच्या दोन अक्षरांचा गट धरा आणि त्यात अर्थ कुठं जुळतोय ते बघा.

सगळ्यात श्रीमंत गट म्हणजे जी-एल. ग्लो, ग्लीम, ग्लिटर, ग्लिमर, ग्लिंट, ग्लिसन, ग्लॉस, ग्लेअर. गाईडमध्ये या सगळ्यांपुढे एकच शब्द छापलेला असतो, चमकणे, आणि पोरं तेच पाठ करतात मग पेपरात चार पर्यायांत ग्लिसन आणि ग्लिंट दोन्ही आले की गडबड होणारच. पण प्रत्येकाची चमक वेगळी आहे हो. ग्लिसन म्हणजे ओल्या किंवा तेलकट पृष्ठभागाची चमक, पाऊस पडून गेल्यावर डांबरी रस्ता दिसतो ती. ग्लिंट म्हणजे एका क्षणाची, एकाच जागची, ऊसतोडीत कोयता वर गेला की पात्यावर ऊन पडून लकाकतं ना, तेवढीच. ग्लिटर म्हणजे बारीक बारीक पुष्कळ चमका एकदम, सराफ कट्ट्यावरच्या शोकेसमध्ये बघा. ग्लिमर फिकट आणि हलणारी, रात्री आयर्विन पुलावरून कृष्णेच्या पाण्यात दिव्यांचा उजेड थरथरतो तशी. आणि ग्लेअर म्हणजे डोळ्यांना त्रास देणारा उजेड, मिरज रोडला समोरच्या गाडीचा अप्पर लाईट. ग्लेअरचा दुसरा अर्थ डोळे वटारून बघणे, आणि इथून हा गट उजेडाकडून नजरेकडे वळतो, ग्लान्स म्हणजे नुसती नजर टाकणे, ग्लिम्प्स म्हणजे ओझरतं दर्शन.

ग्लो आणि ग्लॉसमधला फरक मात्र हळदीवरूनच सांगावा लागतो. सांगलीत वाढलेल्याला ते पटकन कळतं. मार्केट यार्डात सौद्याच्या वेळी व्यापारी हळकुंड हातात घेतो, वरून छान पॉलिश केलेलं असतं, गुळगुळीत, तो ग्लॉस. पण तो तेवढ्यावर थांबत नाही, कटकन मोडतो आणि आतला रंग बघतो, तो केशरी-पिवळा रंग आतूनच पेटल्यासारखा दिसतो, तो ग्लो. ग्लॉस वरचा, ग्लो आतला. म्हणून ग्लॉस ओव्हर म्हणजे दोष वरवर झाकून पुढं जाणे.

आणि आता जी गोष्ट मला फार आवडते ती. हळद शब्द आला संस्कृत हरिद्रावरून, त्यातलं हरि म्हणजे पिवळा, पिंगट, आणि सोन्याला हिरण्य म्हणतात तेही त्याच घरातलं. भाषेचा इतिहास अभ्यासणारे सांगतात की या शब्दांचं आणि इंग्लिशमधल्या यलो, गोल्ड, ग्लो यांचं मूळ एकच, हजारो वर्षांपूर्वीच्या इंडो-युरोपियन भाषेतला चमकणे आणि पिवळा अशा अर्थाचा एक धातू, म्हणजे क्रियापदाचं मूळ रूप. ग्लॅडसुद्धा त्यातलाच, जुन्या इंग्लिशमध्ये त्याचा अर्थ तेजस्वी असाही होता. २०१८ साली सांगलीच्या हळदीला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा आपल्याला केवढा आनंद झाला, पण तिच्या नावाचा ग्लोशी असा रक्ताचा संबंध आहे हे शाळेत कुणी सांगितलं का? सांगायला पाहिजे होतं.

अर्थात प्रत्येक जी-एल चमकत नाही. ग्लोव्ह, ग्लू, ग्लटन यांचा उजेडाशी काही संबंध नाही, आणि ग्लूम तर उलट अंधार. हे अपवाद वहीत वेगळे लिहायचे, नियमापेक्षा तेच जास्त लक्षात राहतात. अशा अर्थाची छटा देणाऱ्या अक्षरगटाला फोनेस्थीम म्हणतात, जे. आर. फर्थ या इंग्रज भाषाशास्त्रज्ञानं १९३० मध्ये हे नाव दिलं. आपल्याकडं झगमग, झळाळी, झळक यात झ तेच काम करतो की.

दुसरा गट एस-एन, म्हणजे नाक. स्निफ हुंगणे, स्नीझ शिंकणे, स्नोअर घोरणे, स्नॉर्ट फुरफुरणे, स्नाउट जनावराचं पुढं आलेलं नाक-तोंड, स्नफ म्हणजे आजोबांची तपकीर. स्नीअर म्हणजे तुच्छतेनं नाक मुरडणे आणि स्नूप म्हणजे दुसऱ्याच्या भानगडीत नाक खुपसणे, इथं मराठी वाक्प्रचार आयताच हाताशी येतो, वेगळं पाठांतर लागतच नाही. स्नीझ तर जुन्या इंग्लिशमध्ये एफ-एननं सुरू व्हायचा, नंतर तो एस-एनमध्ये येऊन बसला. स्नो, स्नेल, स्नेक बाहेरचे.

डब्ल्यू-आर म्हणजे पिळणे, वळणे. रिंग म्हणजे कपडे पिळणे, रेंच म्हणजे हिसका देऊन पिरगाळणे, रिगल वळवळणे, रिस्ट म्हणजे जिथं हात वळतो ते मनगट, रिंकल सुरकुती. राँगचा मूळ अर्थ वाकडा. यातल्या बऱ्याच शब्दांचं मूळ संस्कृतच्या वृत् धातूशी जुळतं, वर्तुळ त्यातलाच आणि देवापुढची वातसुद्धा, वर्तिवरून आलेली. राईट म्हणजे लिहिणे, तो मात्र कोरणे, ओरखडणे या अर्थाचा, म्हणून वेगळा ठेवा. स्पेलिंगचाही फायदा होतो, पिळण्याचा अर्थ दिसला की न वाजणारा डब्ल्यू विसरत नाही कुणी.

सध्या पोरींना एस-एल दिलंय, स्लिप, स्लाइड, स्लाइम, स्लग, स्लश, सगळं निसरडं आणि बुळबुळीत. स्लीप त्यात घ्यायचा का नाही यावर त्यांची दोन मतं पडलीत, अजून भांडतायत.