रुग्णाला शेवटच्या टप्प्यात घरी सांभाळताना : माझा अनुभव

उपचार थांबवून घरी न्यायचं ठरलं की होमकेअर टीमला (घरी येऊन रुग्णाचा त्रास कमी करणाऱ्या नर्स-डॉक्टरांच्या गटाला) फोन डिस्चार्जच्या आधी करावा. सासऱ्यांच्या वेळी तसं केल्यामुळे ते घरी यायच्या आत सिस्टरांनी बायोप्सी, शेवटचा स्कॅन आणि औषधांची यादी पाहून ठेवली होती. डिस्चार्ज समरीत ‘यापुढे फक्त त्रास कमी करणारे उपचार’ असं स्पष्ट लिहून घ्यावं. तो कागद नसेल तर अपरात्री इमर्जन्सीत नेल्यावर ड्यूटीवरचे डॉक्टर साहजिकच आयसीयूचं बोलतात.

पुण्यात वारज्याचं सिप्ला पॅलिएटिव्ह केअर (त्रास कमी करणारी शुश्रूषा) सेंटर १९९७ पासून विनामूल्य सेवा देतं. घरी निभणारच नसेल तर मुंबईत वांद्र्याला शांती अवेदना सदन आहे. १९८६ साली सुरू झालेलं हे देशातलं पहिलं हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांना ठेवून घेऊन सांभाळणारी जागा.

सगळ्यांत जास्त भीती मॉर्फिनची, म्हणजे तीव्र वेदनांवरच्या औषधाची असते, आणि ती बहुतेक अनाठायी असते. गोळी साध्या मेडिकलमध्ये मिळत नाही, मान्यताप्राप्त केंद्रातूनच मिळते. अशक्त, वयस्क माणसाला बहुधा १० मिलिग्रॅमच्या अर्ध्या गोळीपासून सुरुवात करतात. वेळा सकाळी ६, १०, दुपारी २, संध्याकाळी ६ आणि रात्री १०. रात्रीची मात्रा दुप्पट, म्हणजे २ वाजता उठवावं लागत नाही. दुखायला लागल्यावर गोळी द्यायची नाही, घड्याळ पाहून द्यायची. मधेच कळ आली तर दर चार तासांनी देतात तेवढीच एक मात्रा जादा देतात. ती वहीत वेळेसकट लिहावी, कारण पुढचा डोस डॉक्टर त्यावरूनच ठरवतात. सुरुवातीला दोन-तीन दिवस गुंगी आणि मळमळ असते, ती ओसरते. बद्धकोष्ठ मात्र ओसरत नाही. म्हणून पोट साफ होण्याचं औषध पहिल्या गोळीबरोबरच सुरू करावं. ते राहिलं की चार दिवसांनी पोट फुगतं आणि घरचे मॉर्फिनला दोष देऊन तेच बंद करतात. लघवी कमी झाली, हातपाय झटके देऊ लागले किंवा झोप फार वाढली तर लगेच फोन करावा: मूत्रपिंड मंदावल्यामुळे औषध अंगात साठत असतं, मात्रा बदलावी लागते.

एअर बेड लावला तरी दर दोन तासांनी कूस बदलावीच लागते. माकडहाड, टाचा आणि घोटे रोज उजेडात बघावेत. लाल डाग बोटाने दाबल्यावर पांढरा होत नसेल तर ती बेडसोअरची (पडून राहून होणाऱ्या जखमेची) सुरुवात असते. तिथे चोळू नये.

धाप लागली की सगळे ऑक्सिजन सिलिंडर शोधू लागतात. रक्तातली ऑक्सिजनची पातळी ठीक असेल तर त्याने फारसा फरक पडत नाही. उशाला उंची देऊन चेहऱ्यावर टेबलफॅनचा वारा सोडला की खरा आराम पडतो.

शेवटच्या दिवसांत खाणं सुटतं. ‘उपाशी कसं ठेवायचं?’ म्हणून चमच्याने पेज भरवली की ती श्वासनलिकेत जाते. भूक आधीच मेलेली असते, कोरडं पडतं ते तोंड. बोटाला ओली गॉझ गुंडाळून हिरड्या, जीभ आणि गालांची आतली बाजू दर दोन तासांनी पुसावी, ओठांना व्हॅसलिन लावावं. घशात घरघर सुरू झाली तर कुशीवर वळवावं.

घरी मृत्यू झाल्यावर डॉक्टरांकडून नमुना ४-अ, म्हणजे मृत्यूच्या कारणाचा दाखला लागतो. रात्री कोणते डॉक्टर येऊन तो देतील हे आधीच विचारून ठेवावं. आयत्या वेळी अनोळखी डॉक्टर सही करायला कचरतात. नोंदणी २१ दिवसांत केली तर शुल्क लागत नाही.

उरलेलं मॉर्फिन कुणाला देऊ नये, केंद्रात परत करावं. एअर बेड, कमोड चेअर, न उघडलेले डायपर टीमला हवेच असतात. पण ज्यांना अशा संस्थेला देणगी द्यायची आहे त्यांना कळकळीने सांगते, यंत्राचा आग्रह धरू नका. होमकेअरचा खरा खर्च सिस्टरांचा पगार, गाडी, पेट्रोल आणि ड्रायव्हर. ‘कॉर्पस’साठी (कायम ठेवीसाठी) दिलेल्या देणगीतून संस्था सहसा फक्त व्याज वापरते, म्हणून पत्रात ‘होमकेअरच्या चालू खर्चासाठी’ असं लिहावं. देणगीवरची आयकर सवलत (८०जी) जुन्या करप्रणालीतच मिळते आणि २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला मिळत नाही. तेव्हा ऑनलाइन किंवा चेकने द्यावं, पॅन कळवावा. जमेल तेवढीच रक्कम, पण दर महिन्याला बँकेतून आपोआप जाईल अशी सोय करावी. टीम वाढवायची की नाही हे संस्था अशा बांधील रकमेवर ठरवू शकते.