आधी पाइपची जाडी सांगा

अंबडच्या शेडमध्ये ट्रसचं (पाइप जोडून केलेल्या त्रिकोणी सांगाड्याचं) काम आलं की वेल्डरदादांचा पहिला प्रश्न ठरलेला, "साहेब, वेल्ड किती एमएमचा मारू?" मी आधी मुख्य पाइपच्या भिंतीची जाडी विचारतो. चौकोनी पाइपवर त्याहून बराच अरुंद ब्रेस (मुख्य पाइपला जोडायचा आडवा-तिरपा पाइप) बसवला, तर वेल्ड शाबूत राहतो आणि पाइपची भिंतच दबते किंवा ओढली जाते. तिथे जोडाची ताकद जाडीच्या वर्गाप्रमाणे वाढते. ४ ऐवजी ५ एमएम घेतला की थेट दीडपटीच्या वर! वेल्डवर थर चढवून हे कधीच मिळत नाही.

ब्रेसचा मुख्य पाइपशी कोन ३० अंशांच्या खाली नको. आतल्या चिंचोळ्या बाजूला इलेक्ट्रोड पोचत नाही, रूट, म्हणजे वेल्डचं आतलं मूळ, कच्चं राहतं.

डाय पेनिट्रंट (चिरेत शिरणारा तपासणीचा रंग) फक्त पृष्ठभागापर्यंत आलेली चीर दाखवतो. म्हणून नमुन्याचा एक जोड मी त्याच चिंचोळ्या बाजूतून कापायला लावतो. काप पॉलिश पेपरने घासून नायटल (अल्कोहोलमधलं पातळ नायट्रिक ॲसिड) लावलं की वेल्डची हद्द स्वच्छ उमटते, आणि रूटपाशी न वितळलेली काळी रेघ असेल तर नुसत्या डोळ्यांनी दिसते. हा तुकडा वेल्डरच्या हातात द्याच. माझ्या दहा सूचनांपेक्षा त्याला तो जास्त पटतो.

आणि हो, वेल्डची सुरुवात-शेवट चौकोनी पाइपच्या कोपऱ्यांवर घेऊ नका.