दादाच्या आजाराला अखेर नाव मिळालं

कावीळ एका डॉक्टरकडे, हाताची थरथर दुसऱ्याकडे आणि चिडचिड म्हणजे तर ‘स्वभावच’! पस्तिशीतल्या माणसाचे हे तिन्ही त्रास कुणी एकत्र पाहिलेच नव्हते. जळगावला डोळ्यांच्या डॉक्टरांनी यंत्रातून मलाही दाखवलं: बुबुळाच्या कडेला तपकिरी कडं. साचलेलं तांबं! आज रिपोर्ट आले, विल्सन आजार. जनुकातल्या दोषामुळे यकृत जादा तांबं बाहेर टाकू शकत नाही, मग ते मेंदूपर्यंत साठत जातं. औषध आहे, पण जन्मभर घ्यायचं.

माय विचारत होती, कुणाची नजर लागली का? नाही गं माय. कुणाचाच दोष नाही, तुझा तर मुळीच नाही.

सख्ख्या भावंडांना २५ टक्के शक्यता असते म्हणे. उद्या माझी आणि ताईची तपासणी. ती भुसावळहून सकाळच्या गाडीने येतेय.